एक सोडून बाकी सगळं सारखं

नागपुरात भाड्याचं घर शोधायला निघालं की घरमालकांचे भाचे फार भेटतात. प्रत्यक्ष नाही भेटत. ते कायम येणार असतात. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा मी आणि प्रितमचे बाबा दोन खोल्या शोधत हिंडत होतो. खोल्या आम्हाला आवडायच्या, आम्ही मालकांना आवडायचो. नवरा-बायको दोघंही शिक्षक म्हटल्यावर तर मालकीणबाई सरबत करायला आत जायच्या. मग आडनाव निघायचं. रामटेके. सध्या राहता कुठे? इंदोऱ्यात, म्हणजे आमच्या लोकांच्या वस्तीत. सरबत यायचं, पण दुसऱ्या दिवशी निरोपही यायचा, की भाचा शिकायला येतोय, खोल्या त्याला लागणार.

आता एखादा भाचा खरा असेलही. लोकांना भाचे असतात. पण कुठला खरा आणि कुठला खोटा हे मला कधीच कळलं नाही, आणि नकारापेक्षा त्याचाच मला जास्त राग आहे. ‘तुमची जात आम्हाला चालत नाही’ असं कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर मी तिथल्या तिथे हिशेब चुकता करून आले असते. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. नक्की न कळणं मला सहन होत नाही. दाढेत बडीशेप अडकल्यासारखं होतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, न्यू जर्सीत, तो भाचा मला पुन्हा भेटला. या वेळी तो टेक्सासहून येणार होता.

मी तेव्हा मुलाकडे पिस्कॅटवेला राहत होते. मुलगा प्रितम सॉफ्टवेअरमध्ये, सून भावना न्यूयॉर्कच्या एका बँकेत, नात रेणू पाच वर्षांची. सप्टेंबरात रेणूची शाळा सुरू व्हायची होती आणि भावनाला रोज आधी गाडी आणि मग ट्रेन अशी यातायात करावी लागायची, म्हणून एडिसनमध्ये स्टेशनजवळ घर हवं होतं. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानाच्या काचेवर तिला जाहिरात दिसली. दोन बेडरूमचं घर, स्टेशन चालत जाण्याजोगं, मराठी फॅमिलीला प्राधान्य. आम्ही खूश झालो. मराठी तर आम्ही होतोच.

मालक प्रल्हादराव, धरमपेठेतले, म्हणजे आमच्या नागपूरचेच. सत्तरी जवळ आलेली, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांनी घर दाखवलं, रेणूला मागच्या अंगणातली टोमॅटोची रोपं दाखवली. भावनाने आधीच सांगून टाकलं की आमच्याकडे मटण-मच्छी सगळं शिजतं.

“अहो, आमच्याकडे काय वेगळं? रविवारी सावजी मटण नसेल तर मी जेवत नाही,” ते म्हणाले.

मग चहा घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणून आम्हाला दोन रस्ते पलीकडे स्वतःच्या घरी घेऊन गेले. चहा झाला, चिवडा झाला, नागपूरच्या उन्हाळ्याच्या गप्पा झाल्या. आणि मग कप खाली ठेवता ठेवता त्यांनी मला विचारलं, “रामटेके म्हणजे... नागपुरात नेमकं कुठे?”

तो ‘नेमकं’ माझ्या चांगला ओळखीचा होता.

“इंदोरा,” मी म्हणाले.

“अच्छा, अच्छा,” असं म्हणून त्यांनी चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी प्रितमला त्यांचा फोन आला. सॉरी हं, भाचा टेक्सासहून शिफ्ट होतोय.

“आई, असेल ना भाचा,” प्रितम म्हणाला. “इथे लोक रिलोकेट होतात यार. सगळीकडे तेच काय बघतेस?”

“आणि नसेल तर?”

“नसेल तर नसेल. प्रूव्ह कसं करणार? लेट इट गो. दुसरं घर बघू.”

त्याचंही चुकत नव्हतं. ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलेलं, त्याला कुठल्याच भानगडीत पडायचं नव्हतं. पण मला ते उत्तर हवं होतं. खरं सांगायचं तर घरापेक्षा जास्त हवं होतं. साठी उलटायला आली, किती दिवस ‘असेल’ आणि ‘नसेल’ करत बसायचं? या एका भाच्याचा तरी छडा लावायचाच, असं मी ठरवून टाकलं. कसा लावायचा हे मात्र माहीत नव्हतं. ते मला लॉरेटाने शिकवलं.

पिस्कॅटवेच्या लायब्ररीत गुरुवारी सकाळी इंग्रजी बोलायचा सराव करायला आम्ही परदेशातून आलेल्या काही बायका जमायचो. लॉरेटा हेन्ड्रिक्स तो वर्ग घ्यायची. काळी बाई, सत्तरीची, निवृत्त नर्स, लहानपणी साउथ कॅरोलिनातून इकडे आलेली. मला तिच्याबद्दल भलतंच कुतूहल होतं. चौकशा करण्याची माझी खोड जुनीच, आमच्या स्टाफरूममध्ये मला ‘पोलीस ठाणं’ म्हणायचे. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी त्रेसष्ट साली निघालेल्या वॉशिंग्टनच्या त्या मोठ्या मोर्चाला तुम्ही गेला होतात का, हे मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं.

“नाही, माझी ड्यूटी होती,” ती तेव्हा म्हणाली होती. “मोर्चे टीव्हीवर दिसायचे. आम्ही जे करायचो ते कुणी टीव्हीवर दाखवलं नाही.”

“काय करायचात?”

“घरं बघायला जायचो.”

मला वाटलं, बाई विषय टाळतेय, म्हणून मीही सोडून दिलं. पण प्रल्हादरावांच्या फोननंतरच्या गुरुवारी मला ते आठवलं आणि वर्ग सुटल्यावर मी तिला खिंडीत गाठलं. आमचं बोलणं इंग्रजीत, माझं तर अडखळतच; इथे मी ते आपल्या भाषेत सांगतेय.

लॉरेटा म्हणाली, साठच्या दशकात कायदे झाले. काळ्या माणसांना घर नाकारता येणार नाही, असं आधी काही राज्यांनी म्हटलं, मग अडुसष्ट साली सबंध देशाने. पण कायदा झाला म्हणून घरमालक थोडाच ‘तू काळी आहेस, चालती हो’ म्हणणार? तो टोपी काढून म्हणायचा, सॉरी मॅडम, अगदी कालच गेलं.

“भाचा!” मी मराठीतच ओरडले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पेपर खाली केला.

“मग आम्ही जोड्या केल्या,” लॉरेटा सांगत होती. “एक काळी जोडी, एक गोरी. पगार सारखा सांगायचा, मुलं तेवढीच, कपडे तसेच, बोलणं तितकंच अदबीचं. आधी आम्ही जायचो. थोड्या वेळाने ते. नंतर एकमेकांशी अक्षरही न बोलता काय काय घडलं ते ज्याने त्याने लिहून काढायचं. एक गोष्ट सोडून बाकी सगळं सारखं. मग उत्तरं वेगळी आली, तर ती त्या एका गोष्टीमुळेच.”

हा तर माझा सातवीचा प्रयोग! दोन कुंड्या, माती तीच, पाणी तेवढंच, बी एकाच पुडीतलं. एक कुंडी उन्हात, एक कपाटात. इतकी वर्षं पोरांकडून तो करून घेतला आणि तो घरमालकावरही करता येतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला इतका आनंद झाला की मी तिला सगळं सांगितलं. त्याला बराच वेळ लागला, कारण मध्येमध्ये तिचे प्रश्न. चौकशा करण्यात तीही काही कमी नव्हती.

“तो मालक दिसायला तुझ्याहून गोरा?”

“उलट माझ्याहून काळा.”

“भाषा?”

“हीच. गावसुद्धा एकच.”

“धर्म?”

“ते हिंदू, आम्ही पन्नास वर्षांपूर्वी बौद्ध झालो. पण त्यांनी देव नाही विचारला. मोहल्ला विचारला.”

लॉरेटाने चष्मा काढून पुसला. “माणसाला काय काय सुचतं,” ती म्हणाली.

मग ती उठून कायद्यांच्या कपाटाकडे गेली आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा चाळीसच्या दशकातला, पुढे घरांपर्यंत वाढवलेला. त्यात कुठल्या कुठल्या कारणाने घर नाकारता येणार नाही ते दिलं होतं. वंश, श्रद्धा, रंग, राष्ट्र. जात नव्हती. असेल कशी? त्या लोकांनी इंदोऱ्याचं नावही ऐकलेलं नसणार. माझं बोट पुढे सरकत गेलं आणि एका शब्दावर थांबलं. पूर्वज. कुणाच्या पोटी जन्मलात, यावरूनही घर नाकारता येणार नाही.

“हा,” मी म्हणाले. “हा आमचा.”

“हा मालक कधी आला या देशात?” लॉरेटाने विचारलं.

“सत्तरच्या आसपास. इंजिनियर म्हणून.”

“मग तोही पासष्टच्या स्थलांतराच्या कायद्यावर आलाय. त्याआधी तुमच्या लोकांना इथे मोजून मापून घ्यायचे. आमचे लोक रस्त्यावर उतरले होते, त्याच दिवसांतला तो कायदा.”

म्हणजे यांनी दार ठोठावून उघडलं आणि आमचे प्रल्हादराव आत येऊन त्याच दारावर राखण करत बसले! मला इतकं हसू आलं की लॉरेटाला ते समजावून सांगेपर्यंत लायब्ररीवाली दोनदा येऊन गेली.

उत्साहाच्या भरात मी म्हणाले, आजच फोन करवते. आमच्या बिल्डिंगमध्ये केदार म्हणून पोरगा आहे, जातीने वरचा. लॉरेटा कडाडली. एकटा पोरगा? मग मालकाने त्याला हो म्हटलं तर ते जातीमुळे, की मागे म्हातारी आणि लहान मूल नाही म्हणून, हे कसं कळणार? तुझं वय, तुझ्यासारखा मुलगा, तशीच सून, तेवढंच नातवंड. तसं कुणी असेल तर बोल, नाहीतर सोडून दे. खरं तर मीच हे ओळखायला हवं होतं. सातवीतल्या पोराने असा प्रयोग आणला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

“आणि जोडीदार नीट बघून घे,” ती म्हणाली. तिची जोडीदार जीन नावाची गोरी शिक्षिका होती. अख्खा उन्हाळा दोघींनी घरं पाहिली. मग जीनच्या स्वतःच्या रस्त्यावर एक घर रिकामं झालं. त्या शनिवारी जीनला ताप आला. पुढच्या शनिवारीही आला.

“खरंच ताप होता का?”

“मी विचारलं नाही. ती अजून ख्रिसमसला कार्ड पाठवते.”

“पण विचारलं का नाही?”

लॉरेटा पुस्तक परत ठेवायला निघून गेली.

लॉरेटाच्या अटीत बसणारी एकच बाई माझ्या ओळखीची होती, शैलजाताई सहस्रबुद्धे. पुण्याच्या, माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच विधवा. मुलगा निमिष सॉफ्टवेअरमध्ये, सून नोकरीला, नातू रेणूएवढा. संध्याकाळी पार्कातल्या तळ्याभोवती आम्ही दोघी चकरा मारायचो. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, “रामटेके म्हणजे मूळचे रामटेकचे का?” मी हो म्हटलं होतं. पुण्याकडच्या लोकांना विदर्भातली आडनावं उलगडत नाहीत, ही आमची मोठीच सोय. तेव्हापासून त्या बोलताना ‘आपल्याकडे’, ‘आपल्यात’ असं म्हणायच्या आणि मी ऐकून घ्यायचे. परक्या देशात संध्याकाळी बोलायला कुणी मिळणं सोपं नसतं.

आता त्यांना जोडीदार व्हा म्हणायचं, तर ती एक गोष्ट कुठली हे सांगावंच लागणार होतं. मला भीती वाटत होती. प्रल्हादरावांनी नाही म्हटल्यावर फक्त राग आला होता. या बाईंनी उद्यापासून गुडघे दुखतात म्हणून फिरायला येणं बंद केलं असतं, तर मला रडू आलं असतं.

दोन दिवस मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी बोलून टाकलं.

“शैलजाताई, एक काम आहे. त्याआधी एक सांगायचंय. आम्ही बौद्ध. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली तेव्हा वडिलांचं बोट धरून मी तिथे होते.”

त्या चालायच्या थांबल्या नाहीत. “अहो, मग काय झालं? आमच्याकडे असलं काही मानतच नाहीत. अगदी सासूबाईंपासून.”

उत्तर इतकं झटकन आलं, की ते घडी करून ठेवलेलंच असावं. मग अर्धी चक्कर त्या हवापाण्याचंच बोलत राहिल्या.

“मी तुम्हाला सीकेपी समजत होते,” शेवटी त्या म्हणाल्या.

“का?”

“मटण चांगलं करता, असं तुमची रेणू सांगत होती म्हणून.”

मला हसू फुटलं आणि मग त्यांनाही. बाकावर बसून मी त्यांना प्रल्हादराव, भाचा, लॉरेटा, दोन कुंड्या, सगळं सांगितलं. त्यांचे डोळे चमकायला लागले. हे म्हणजे अगदी डिटेक्टिव्हसारखं, असं त्या दोनदा म्हणाल्या. निमिषला खरोखरच घर बदलायचं होतं, त्यामुळे खोटंही बोलावं लागणार नव्हतं. एकच अडचण निघाली.

“मटण खातो असं मी सांगायचं?”

“सगळं सारखं हवं.”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “निमिष खातोच हो बाहेर. मला माहीत नाही असं त्याला वाटतं. सांगते मी.”

दुकानाच्या काचेवरची जाहिरात अजून तशीच होती. शनिवारी त्या मुलगा, सून, नातवाला घेऊन घर बघायला गेल्या. लॉरेटाच्या नियमाप्रमाणे आम्ही फोनवर काही बोललो नाही. रविवारी दुपारी मी त्यांना लॉरेटाच्या घरी नेलं. लॉरेटाने दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून लिहायला लावलं, परीक्षेला बसवावं तसं. मग स्वयंपाकघरात तिघी समोरासमोर बसलो.

शैलजाताईंनाही चहा मिळाला होता, चिवडाही मिळाला होता. नातवाला टोमॅटोची रोपं दाखवून झाली होती. मटणाचं ऐकून प्रल्हादराव म्हणाले होते, आता कोण पाळतं हो ते सगळं! मग आडनाव निघालं.

“आणि पुढे काय विचारलं? पुण्यात नेमकं कुठे वगैरे?”

“काही नाही. सहस्रबुद्धे म्हटलं आणि प्रश्नच संपले. एक तारखेपासून या म्हणाले.”

“भाच्याचं काय?”

“कुठला भाचा? मी मुद्दाम म्हटलं, आमच्या आधी कुणी बघून नाही ना गेलं? तर म्हणाले, आले होते एक, पण बरं झालं, तुमच्यासारखी माणसं मिळाली की डोक्याला ताप नाही.” हे सांगताना त्यांचा आवाज चिरकला. “कांताताई, किती गोड बोलत होते हो! मला तर ते आवडले होते.”

“आम्हालाही आवडले होते,” मी म्हणाले.

मला वाटलं होतं, उत्तर कळलं की मी रडेन, किंवा काहीतरी फोडेन. तसं काही झालं नाही. मला कडकडून भूक लागली. लॉरेटाने अंडी करून दिली, ती मी चार टोस्टांबरोबर खाल्ली. नागपूरच्या त्या भाच्यांबद्दल यावरून काहीच सिद्ध होत नाही, एवढं विज्ञान मला कळतं. पण हा एक खोटा होता. हा एक मला नक्की माहीत होता, आणि त्या ज्ञानाने मला फार बरं वाटत होतं. कुणी म्हणेल, अपमान झाल्याचं बरं कसं वाटेल? ज्याला आयुष्यभर ‘सगळीकडे तेच काय बघतेस’ असं ऐकावं लागलंय, त्याला विचारा.

संध्याकाळी मी दोन्ही कागद प्रितमपुढे ठेवले. त्याने ते दोनदा वाचले.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला.

“मग ‘असेल भाचा’ का म्हणालास?”

“तसं म्हटलं की झोप लागते, आई.”

मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. माझा मुलगा इतकी वर्षं इथे कशाच्या आधारावर झोपत होता, ते मला त्या दिवशी कळलं. त्याने कागद घडी घालून माझ्या हातात दिले आणि आपणहून म्हणाला, “कम्प्लेंट माझ्या नावाने टाक. घर नको आता त्यांचं. पण टाक.”

पण लॉरेटाने आधीच बजावून ठेवलं होतं. तुझ्या मुलाच्या सहीने नुसती तक्रार दाखल होईल. ती उभी राहील दुसऱ्या बाईच्या साक्षीवर. तिने सरकारी ऑफिसात जाऊन, स्वतःच्या नावानिशी सांगायला हवं. मी शैलजाताईंना विचारलं तेव्हा त्यांच्या घरात चर्चा झाली. निमिषचं म्हणणं, मराठी मंडळात प्रल्हादकाका नेहमी भेटणार, ऑकवर्ड होईल. तीन दिवस त्यांचा फोन आला नाही. मी तळ्याभोवती एकटीच चकरा मारल्या आणि ताप आलेली ती जीन सारखी डोक्यात येत राहिली. चौथ्या दिवशी त्या बूट घालून पार्कात हजर.

“येते मी,” म्हणाल्या. “ते घर आम्हाला नको म्हणून कळवलं. कधी जायचं?”

बोलावणं ऑक्टोबरात आलं. तोवर आम्ही पिस्कॅटवेतच दुसरं घर घेतलं होतं आणि भावना अजून गाडी आणि ट्रेन करत होती. नागरी हक्कांच्या त्या सरकारी ऑफिसात लॉरेटानेच आपल्या गाडीतून आम्हाला नेलं. ती बाहेर बसली. आत एक तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेली, समोर पिवळा पॅड. वागायला चांगली होती. पहिलीच भेट आहे, दोघी एकत्रच बसा म्हणाली. सहस्रबुद्धे म्हणायचा तिने दोनदा प्रयत्न केला आणि मग ‘मिस शैलजा’ म्हणू का असं विचारलं.

तिने आमचे कागद आधीच वाचले होते. तरी ती गोंधळलेली दिसली.

“मला समजून घेऊ द्या,” ती म्हणाली. “तुम्ही दोघी भारतीय. राज्य एक, भाषा एक. वय तेच, मुलं एकाच व्यवसायात. मला समोर बसून तुमच्यात काही वेगळं दिसत नाही. मिस शैलजा, तुम्हीच सांगा. तुमच्यात फरक काय?”

शैलजाताई छान हसल्या. माझ्या हातावर हात ठेवला आणि त्यांच्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, “नो डिफरन्स ॲट ऑल. वी आर लाइक सिस्टर्स. आमच्या घरात आम्ही हे मानतच नाही.”

मुलीने पेन खाली ठेवलं.

“फरकच नसेल,” ती हळूच म्हणाली, “तर मग त्यांनी नाही कशामुळे म्हटलं?”

शैलजाताई माघार घेत नव्हत्या, हे मला कळत होतं. त्या अगदी मनापासून, मायेनेच बोलल्या होत्या. फरक नाही म्हणणं हीच त्यांच्या घरातली चांगली रीत. आणि त्याच रीतीने त्या माझी सगळी मेहनत पाण्यात घालत होत्या. मी तोंड उघडलं होतं. त्या मुलीला मी सगळं सांगू शकले असते, माझ्या मोडक्या इंग्रजीत का होईना. पण मला एकदम संताप आला. मीच का सांगू? ‘नेमकं कुठे’ याचं उत्तर मी आयुष्यभर देत आलेय. यांना एकदाही द्यावं लागलेलं नाही.

मी हात काढून घेतला.

“शैलजाताई,” मी मराठीत म्हणाले, “फरक आहे. तुम्ही सांगा.”

“अहो, पण माझ्या तोंडून बरं दिसतं का ते?”

“माझ्या तोंडून कधी बरं दिसलंय?”

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता या उठून जाणार, आणि तळ्याभोवतीच्या चकराही संपल्या. मग शैलजाताई त्या मुलीकडे वळल्या आणि एकेक शब्द वेगळा करत बोलल्या.

“मी ब्राह्मण आहे. त्या नाहीत. त्यांच्या लोकांना आमचे लोक अस्पृश्य म्हणायचे. शिवायचे नाहीत.”

मुलीने पेन उचललं. “आणि घरमालकाला हे कसं कळलं?”

“मी आडनाव सांगितलं.”

“फक्त आडनाव?”

“फक्त आडनाव.”

“ते सांगताना तुम्हाला माहीत होतं का, की त्याने घर मिळेल?”

शैलजाताईंनी पर्स मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. प्रल्हादरावांना शिक्षा होते की नाही, हे त्या क्षणी माझ्या मनातही नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की या बाईने, माझ्या मैत्रिणीने, ते एकदा म्हणावं.

“हो,” त्या म्हणाल्या. आणि मग, कुणी काही न विचारताच, “मला आयुष्यभर माहीत होतं.”

मुलीने ते लिहून घेतलं.